डोकं गरगरायलंय? मग हे करून बघा

सध्या कुणालाबी विचारा काय चाललंय, उत्तर एकच, काय खरं नाही बघा. कुणाचं सोयाबीन पाण्यात गेलं, कुणाचं वाचलं तर त्याला भाव नाही, पोरगं पुण्यात रूम करून अभ्यासाला बसलंय अन् भरतीची तारीख पुढंपुढं चाललीय, त्यात टीव्ही लावला की जगात कुठंतरी युद्ध चालूच. रात्री दीड वाजता मोबाईल बघत पडल्यानं यातलं काहीच सुटत नाही हे सगळ्यांना माहितंय, तरी पडतोच आपण. म्हणून हे लिहायलोय. ज्ञान पाजळायचं नाही, ते 'पॉझिटिव्ह राहा' वाले फॉरवर्ड तर माझ्या डोक्यातच जातात. माझं म्हणणं एवढंच, डोकं शांत व्हावं वाटत असेल तर डोक्याला समजावत बसू नका, डोळ्याला नाहीतर हाताला काम लावा. अन् ते काम आपल्याच आसपास पडलेलं असतं.

आधी मोबाईलचं उरकून घेऊ. व्हॉट्सअ‍ॅपचे भांडणारे ग्रुप म्यूट करा, आठ तास, एक आठवडा अन् कायमचं असे तीन पर्याय येतात, कायमचं दाबा, कुणाला कळत नाही. बातम्या सकाळी चहानंतर एकदा अन् संध्याकाळी एकदा, झोपताना नाही. फक्त पावसाळ्यात पावसाचे अलर्ट अन् धरणाच्या विसर्गाचे मेसेज बंद करू नका, पैठणपासून नांदेडपर्यंत गोदाकाठी राहणाऱ्यांनी तर अजिबातच नाही.

आता खरी करमणूक. पावसाळ्यात सुगरणीचं घरटं बांधणं बघितलंय का कधी नीट? विहिरीवर झुकलेली बाभळीची फांदी नाहीतर शिंदीचं झाड शोधा, सकाळी ऊन चढायच्या आत जा, जरा लांब बसा अन् गप बसा. नाव सुगरण पण बांधकाम सगळं नराकडं, पिवळ्या डोक्याचा तो. गवताच्या नाहीतर उसाच्या पानाला कडेला चोचीनं चीर देतो, ते टोक धरून उडतो, की लांब पट्टी फाटून हातात, म्हणजे चोचीत. आधी एक कडं विणतो, मग वरची टोपी. घरटं असं अर्धं झालं की थांबतो, कारण आता बाई येऊन बघणार. ती आली की झाडावरचे सगळे नर पंख फडफडवून एकच कालवा करतात. ती आत शिरते, इकडं ओढून बघते, तिकडं बघते, अन् नाही पटलं की उडून जाते. पटलं तर मग हा खालची लांब नळी विणून काम पूर्ण करतो, नाहीतर ते अर्धवटच लटकत राहतं. झाडावर अशी टोपीवाली दोनचार घरटी दिसली की समजायचं, इथं स्थळं नाकारलेली आहेत. आमच्या गावातल्या लग्नाळू पोरांना हे लई पटतं. अन् ज्याचं जमलं तो काही संसारात रमत नाही बरं, लगेच दुसरीसाठी दुसरं घरटं बांधायला घेतो! फक्त घरट्याला हात लावू नका, फांदी हलवून फोटो काढू नका. थंडीत पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणावर, रोहित (फ्लेमिंगो) येतात, 1986 पासून ते पक्षी अभयारण्य आहे, जमलं तर तिकडंबी जावा, पण त्याला गाडी काढावी लागते अन् सुगरण घरामागं फुकट असते.

कारखाने चालू झाले की दुसरा खेळ. उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, गाणी फुल्ल आवाजात, त्यांच्या मागं अडकलं की आपण शिव्या देतो. त्याऐवजी मागं काय लिहिलंय ते वाचा अन् वहीत उतरवा. आईबापाची पुण्याई वाले वेगळे, भावकीला टोमणे मारणारे वेगळे, प्रेमात फसलेले वेगळे. पोरं सोबत असतील तर पैज लावा, आईचा आशीर्वाद एक मार्क, टोमणा पाच मार्क. अंबाजोगाई ते लातूर कधी येतं कळत नाही.

हाताला काम पाहिजे असेल तर सुशीला करा, म्हणजे आपला मुरमुऱ्याचा उपमा. मुरमुरे पाण्यात टाकायचे अन् लगेच पिळून काढायचे, ठेवले की लगदा. फुटाण्याच्या डाळ्याची पूड अन् मीठ मुरमुऱ्यालाच आधी चोळून घ्या, मग मोकळी होते. फोडणीत शेंगदाणे, मोहरी, मिरची, कढीपत्ता, कांदा, हळद, वरून मुरमुरे, दोन मिनिटं झाकण, लिंबू. या पंधरा मिनिटांत मोबाईल घेताच येत नाही, हात पिठाचे असतात. डिसेंबरात 13-14 तारखेच्या रात्री गच्चीवर गोधडी घेऊन पडा, मिथुन राशीकडून उल्का पडतात, चंद्र नसेल तर लई दिसतात. लाईट गेली तर उलट बरंच.

अन् एक सरळ सांगतो, झोपच लागत नाही, जेवण जात नाही, नको ते विचार यायलेत असं असेल तर पक्षी बघून भागत नाही. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीबी चालू असतो, मराठीत बोलता येतं. लाजू नका.

राहिली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. मराठवाड्यात तिच्यासारखा दुसरा विरंगुळा नाही असं माझं ठाम मत आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या अमावस्येला लातूर, धाराशिवकडं शहरं कर्फ्यू लागल्यासारखी ओस पडतात, सगळी शेतात. कडब्याची कोप (खोपटं), तिच्यात पांडवांची पूजा, हरभरा-वाटाणा-तूर अन् हाताला लागेल ती शेंग टाकून केलेली भज्जी, ज्वारीचे उंडे, माठातली आंबील. शेत नसेल तर आत्ताच एखाद्या शेतवाल्या मित्राला फोन करून ठेवा, निमंत्रणाची वाट बघू नका, त्या दिवशी अनोळखी माणसालाबी रस्त्यावरून हाक मारून जेवायला बसवतात. रिकाम्या हातानं मात्र जाऊ नका, जालन्याची मोसंबी घेऊन जा. अन् येताना गाडी चालवायची असेल तर आंबील बेतानं घ्या, नाहीतर कोपीतच ताणून द्या अन् उन्हं उतरल्यावर निघा.