जुन्या पिकअपला इलेक्ट्रिक पंखा बसवताना या चुका टाळा

पंखा विकत घेण्याआधी गाडी नेमकी केव्हा तापते ते बघा. ठाणे-बेलापूर रोडवर साठच्या वेगातही काटा चढत असेल, तर दोष पंख्याचा नाही. त्या वेगाला समोरून येणारी हवाच पुरते. बहुधा रेडिएटर चोंदलेला असतो, त्याचं रॉडिंग (नळ्यांत सळई फिरवून साफसफाई) करून घ्या. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर रांगेत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की उतरते, अशा गाडीलाच नवा पंखा उपयोगी.

सगळ्यात महागात पडते ती डायनमोवर (जुन्या गाडीतल्या वीज बनवणाऱ्या यंत्रावर) पंखा चालवण्याची चूक. १४ इंची पंखा चालताना १० ते १५ अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. जुना डायनमो चांगल्या वेगात २०-२२ अँपिअर देतो, आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) जवळपास काहीच नाही. म्हणजे पंखा जेव्हा खरोखर लागतो, तेव्हाच सगळा भार बॅटरीवर. त्यात पावसाळी संध्याकाळ, हेडलाइट आणि वायपर चालू. माजिवड्याला गाडी बंद पडली की स्टार्टर हलत नाही. आधी ५५-६५ अँपिअरचा अल्टरनेटर (मंद इंजिनवरही वीज देणारं यंत्र) बसवा. गाडी अजून ६ व्होल्टवर असेल तर १२ व्होल्ट करणं आलंच.

करंट इग्निशन स्विचमधून थेट घेऊ नका. स्विच जळतो, शिवाय पॉइंटवाल्या (इलेक्ट्रॉनिक नसलेल्या जुन्या इग्निशनच्या) इंजिनात चावी बंद केल्यावरही फिरता पंखा स्वतःच वीज तयार करून ठिणगी देणाऱ्या कॉइलला पुरवतो आणि इंजिन दोन क्षण चालूच राहतं. ४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. त्याच्या टोकांवर नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीकडून ४ चौरस मिमी वायर आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात ३० अँपिअरचा फ्यूज, ८७ पंख्याला, ८६ ला इग्निशन, ८५ थर्मोस्विचमधून (पाणी तापलं की आपोआप चालू होणारा स्विच) अर्थला. पंख्याचा अर्थ रंगवलेल्या चासीला देऊन मोकळे होऊ नका. रंग खरवडा, नाहीतर वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. पंखा चालू असताना बॅटरीवर आणि पंख्याच्या टोकांवर मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर जोड खराब आहे. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तो लवकरच हिरवा पडतो.

डॅशवर जुना अँपमीटर (बॅटरी चार्ज होते की रिकामी होते ते दाखवणारा मीटर) असेल तर आणखी एक गंमत. पंख्याची वायर बॅटरीवरून घेतली की पंख्याचा सगळा करंट अँपमीटरमधून जातो आणि काटा कायम ‘चार्ज’कडे राहतो. मग लोक उगाच रेग्युलेटर बदलत बसतात.

थर्मोस्टॅट (इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा वाल्व्ह) ८२ अंशांना उघडत असेल तर ९२ ला चालू, ८७ ला बंद होणारा थर्मोस्विच घ्या. ८० चा घेतलात तर पंखा थांबणारच नाही. हाच स्विच रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये (रबरी पाइपात) लावला तर उशिरा चालू होतो, कारण तिथलं पाणी आधीच निवलेलं असतं. होज कापून मध्ये अडॅप्टर घातला आणि स्विच एका वायरीचा असला तर तो चालतच नाही: दोन्ही बाजूंना रबर, अर्थ मिळणार कुठून? अडॅप्टरला वेगळी अर्थ वायर द्या.

रेडिएटरच्या जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या टायने पंखा बांधू नका, हादऱ्यांनी नळ्या घासून गळतात. लोखंडी पट्ट्यांवर बसवा. जागा असेल तर पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. वॉटर पंपापासून किमान २५ मिमी अंतर ठेवा, कारण जोरात ब्रेक मारला की इंजिन पुढे झुकतं. इंजिनच्या पुलीवर फिरणारा जुना पंखा काढल्यावर पुलीचे तेच बोल्ट परत लावले तर लांबीला जास्त होऊन मागे पंपाच्या बॉडीला घासू शकतात. पंख्याच्या जाडीइतके वायसर घाला किंवा आखूड बोल्ट घ्या. शेवटी इंजिन न चालवता पंखा लावा आणि रेडिएटरच्या पुढून जाळीवर कागद धरा. चिकटला तर दिशा बरोबर, उडाला तर वायरी उलट्या.

पाणी तुंबलेल्या रस्त्यातून जायचं असेल तर पंखा बंद करता आला पाहिजे, नाहीतर पाती पाण्यात आपटून तुटतात. ८६ च्या वायरीत एक स्विच घाला आणि ८७ वरून डॅशवर छोटा दिवा, म्हणजे पाण्यातून बाहेर आल्यावर पंखा पुन्हा लागला की नाही ते कळतं.