हॉटफिक्स घाईत काढताय? या चुका टाळा

हॉटफिक्स, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीचं रिलीज, काढायचं म्हणून गिटमध्ये टॅग (एका कमिटला, म्हणजे कोडच्या नोंदलेल्या अवस्थेला, दिलेलं व्हर्जनचं नाव) मारून पुश केला आणि पाच मिनिटांनी लक्षात आलं, की व्हर्जनच्या फाईलमध्ये जुनाच आकडा राहून गेलाय. अशा वेळी नव्या मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) हात हमखास एकाच गोष्टीकडे जातो: टॅग पुसायचा, फाईल दुरुस्त करायची, त्याच नावाचा टॅग नव्या कमिटवर मारायचा आणि ‘फोर्स’ लावून, म्हणजे जुन्याच्या जागी जबरदस्तीने, पुश करायचा. पाच मिनिटांत कोण कशाला बघतंय! ओपन सोर्स प्रकल्पांत ही चूक इतक्या वेळा दिसते, की सुरुवात तिच्यापासूनच करायला हवी.

पाच मिनिटांत माणसं बघत नसतील, यंत्रं बघतात. गो भाषेचं मॉड्यूल असेल तर कुणीही एकदा ते व्हर्जन मागितलं, की प्रॉक्सी (मधला साठवणीचा सर्व्हर) त्याची प्रत ठेवून घेतो आणि चेकसमच्या (कोडवरून काढलेल्या तपासणीच्या आकड्याच्या) डेटाबेसमध्ये त्याची नोंद कायमची होते. त्यानंतर टॅग हलवला, तर प्रॉक्सीकडून घेणाऱ्यांना जुनाच कोड मिळत राहतो आणि थेट रेपोतून (कोडच्या मूळ साठ्यातून) घेणाऱ्यांच्या पडद्यावर ‘चेकसम मिसमॅच’चा सुरक्षा-इशारा येतो. होमब्रू या पॅकेज मॅनेजरच्या फॉर्म्युल्यात टारबॉलचा (एकत्र बांधलेल्या सोर्स फाईलचा) हॅश, म्हणजे तसाच तपासणीचा आकडा, लिहिलेला असतो, तिथे बिल्ड पडतो. ज्यांनी आधीच फेच केलंय (रेपोतून ओढून घेतलंय) त्यांच्याकडे तर आणखी वाईट: साधं फेच केलं तर काहीच न सांगता जुना टॅग तसाच राहतो, आणि ‘टॅग्ज’ लावून केलं तर गिट २.२० पासून ‘असलेला टॅग बदलला जाईल’ म्हणून नकार मिळतो. म्हणजे समजा तुमचं व्हर्जन २.४.१ असेल, तर या एकाच नावाचे दोन वेगवेगळे कोड जगात फिरू लागले. उद्या कुणी ‘२.४.१ क्रॅश होतं’ असा बग टाकला, तर कुठलं २.४.१ हे शोधण्यातच दिवस जातो.

उपाय एका ओळीचा आहे: २.४.२ काढा. व्हर्जनच्या आकड्यांना पैसे पडत नाहीत. सिमँटिक व्हर्जनिंगचा (‘सिमव्हर’, व्हर्जनला आकडे देण्याची पद्धत) नियमही हेच सांगतो, की एकदा बाहेर गेलेल्या व्हर्जनच्या आत काहीही बदलायचं नाही. पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या रजिस्ट्रीवर) तर पर्यायच नाही. फाईल डिलीट केली तरी त्या नावाची फाईल पुन्हा चढवता येत नाही. एनपीएमवरही (जावास्क्रिप्टच्या रजिस्ट्रीवर) एकदा वापरलेलं नाव-आकड्याचं जोडपं परत मिळत नाही. लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज मार्च २०१६ मध्ये काढून घेतल्यावर असंख्य बिल्ड एका झटक्यात पडले. त्यानंतर अनपब्लिशवर बंधनं आली आणि ती योग्यच आहेत.

बिघडलेलं व्हर्जन पुसू नका, त्याच्यावर खूण करा. पायपीआयवर ‘यँक’ केलं (मागे घेतल्याची खूण लावली), की पिप हा पायथनचा इन्स्टॉलर ते आपणहून निवडत नाही, पण ज्यांनी नेमकं तेच व्हर्जन बांधून घेतलंय त्यांचं काम चालू राहतं. रस्ट भाषेच्या कार्गो या पॅकेज मॅनेजरमध्येही यँक आहे. एनपीएमवर ‘डेप्रिकेट’ करून संदेशात लिहा, की २.४.२ घ्या आणि का घ्या. गोमध्ये १.१६ पासून याच कामासाठी ‘रिट्रॅक्ट’ आहे, पण ती ओळ नव्या व्हर्जनच्या गो-मॉड फाईलमध्ये लिहायची असते. ती नुसती मेनवर (मुख्य ब्रांचवर) टाकून रिलीज न काढता बसलात, तर वापरणाऱ्यांपर्यंत काही पोचत नाही.

टॅगबद्दल आणखी दोन बारीक गोष्टी. टॅग नेहमी ‘-ए’ लावून, संदेशासकट मारा. साधा हलका टॅग ‘गिट डिस्क्राइब’ला (जवळच्या टॅगवरून व्हर्जन सांगणाऱ्या आज्ञेला) दिसत नाही आणि ‘फॉलो-टॅग्ज’ने पुशही होत नाही. आणि रिलीज कँडिडेटला (अंतिम रिलीजआधीच्या चाचणी-व्हर्जनला) आरसी.१, आरसी.२ असं मध्ये टिंब देऊन नाव द्या. टिंब नसेल तर सिमव्हरच्या क्रमवारीत आरसी१० हे आरसी२ च्या आधी येतं, कारण तुलना अक्षरांची होते, आकड्यांची नाही.

चेरी-पिक केलं, कॉन्फ्लिक्ट आला नाही, म्हणून रिलीज केलं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. मेनवर दुरुस्ती झाली, जुन्या ब्रांचवर (शाखेवर) चेरी-पिक केली, म्हणजे तेवढाच कमिट उचलून तिथे लावला, कॉन्फ्लिक्ट (ओळींची टक्कर) आला नाही, बिल्ड हिरवा झाला. यावरून गिटने फक्त एवढंच सांगितलं, की आजूबाजूच्या ओळी जुळल्या. त्या ओळी ज्या गृहीतकावर उभ्या आहेत ते जुन्या ब्रांचवर खरं आहे का, हे गिटला कळत नाही.

डिसेंबर २०२३ मधलं लिनक्स कर्नलचं प्रकरण प्रत्येक मेंटेनरने नीट समजून घ्यावं. एक्स्ट४ फाईल सिस्टीममध्ये एक दुरुस्ती झाली होती: डायरेक्ट आयओने (कॅशे टाळून थेट डिस्कवर) लिहिल्यावर फाईलचा वाढलेला आकार नीट सिंक व्हावा यासाठी. दुरुस्ती बरोबर होती, मेनलाईनमध्ये (कर्नलच्या मुख्य शाखेत) व्यवस्थित चालत होती. ती ६.१ च्या स्थिर शाखेत, ६.१.६४ मध्ये आणली गेली. पॅच स्वच्छ बसला. पण त्या दुरुस्तीचं नवं ‘एंड-आयओ’ फंक्शन (लिखाण संपल्यावर चालणारं) शून्याऐवजी दुसरी किंमत परत देत होतं. मेनलाईनच्या आयओमॅप कोडमध्ये त्याआधीच एक बदल झालेला होता, त्यामुळे तिथे काही बिघडत नव्हतं. ६.१ मध्ये तो आधीचा बदल आलेलाच नव्हता. तिथला जुना कोड शून्याखेरीज काही परत आलं, की फाईलमधली लिहिण्याची जागा पुढे सरकवतच नव्हता. परिणाम: डायरेक्ट आयओचं पुढचं लिखाण चुकीच्या जागी पडून डेटा खराब होत होता.

डेबियन या लिनक्स वितरणाची १२.३ ही रिलीज ९ डिसेंबरला व्हायची होती आणि तिच्यात हाच कर्नल होता. डेबियनच्या लोकांनी इन्स्टॉलेशनच्या इमेजेस थांबवल्या, दुरुस्त केलेला ६.१.६६ घेतला आणि १० डिसेंबरला १२.४ बाहेर काढली. १२.३ हा आकडा त्यांनी पुन्हा वापरला नाही, सोडून दिला. वर टॅगबद्दल जे म्हटलं ते करण्याची ही योग्य पद्धत. त्याच ६.१.६६ मध्ये वायफायच्या भागातला एक बॅकपोर्टही (जुन्या शाखेत आणलेला बदल) अडचणीचा निघाला आणि ६.१.६७ मध्ये तो मागे घ्यावा लागला. कर्नलच्या स्थिर शाखेचे नियम कडक आहेत: पॅच आधी मेनलाईनमध्ये असला पाहिजे आणि आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठा नको. इतकी शिस्त असलेल्या ठिकाणी हे होतं, तर दोन माणसांच्या प्रकल्पात ‘कॉन्फ्लिक्ट आला नाही’ हा पुरावा धरून कसं चालेल?

म्हणून सवय अशी लावा. दुरुस्तीने ज्या फाईलींना हात लावलाय त्या, आणि त्या फंक्शनला बोलावणाऱ्या फाईली, यांचा ‘गिट लॉग रिलीज-ब्रांच..मेन’ काढून वाचा. जुन्या ब्रांचवर नसलेले, पण त्या फाईलींना लागलेले सगळे कमिट समोर येतात. साधारण वीस-तीस असतात, अर्ध्या तासात डोळ्यांखालून जातात. ज्यात परताव्याची किंमत, लॉकचा क्रम किंवा फंक्शनचा करार बदललाय, तो कमिट बाजूला काढा. हाच तो मागे राहिलेला आधार. मग आधी चाचणी जुन्या ब्रांचवर आणा, ती *पडते* हे डोळ्यांनी बघा, आणि त्यानंतरच दुरुस्ती चेरी-पिक करा. जी चाचणी दुरुस्तीआधीही पास होते तिच्यावरून काहीच कळत नाही. पिक करताना ‘-एक्स’ लावा, म्हणजे मूळ कमिटचा हॅश संदेशात येतो आणि सहा महिन्यांनी कोण कुठून आलं ते शोधावं लागत नाही.

जुन्या ब्रांचचा सीआय (आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणारी यंत्रणा) जिवंत आहे का, हेही हॉटफिक्सच्या दिवशी कळून उपयोग नाही. बेस इमेज काढून टाकलेली असते, एखादी अवलंबित लायब्ररी हललेली असते, आणि मग घाईत माणूस चाचण्या वगळून रिलीज करतो. आठवड्यातून एकदा जुन्या ब्रांचवर पूर्ण चाचण्या चालू द्या. गिटहब अॅक्शन्समध्ये (गिटहबच्या सीआयमध्ये) वेळापत्रकावरचं वर्कफ्लो फक्त डिफॉल्ट ब्रांचवरून सुटतं, त्यामुळे ते मेनवर ठेवून चेकआऊटच्या पायरीत जुन्या ब्रांचचं नाव द्यावं लागतं. सार्वजनिक रेपोत साठ दिवस काही हालचाल नसेल तर ते आपोआप बंद होतं, हेही ध्यानात असू द्या.

हॉटफिक्समध्ये ‘जाता जाता’ काहीही घालू नका

‘माझा पीआर (बदलाचा प्रस्ताव) मर्ज झालाय, याच रिलीजमध्ये जाऊ दे ना’ असं कुणीतरी म्हणतंच. नवीन मंडळींची उत्सुकता खरी असते, पण इथे नाही म्हणायला शिका. हॉटफिक्सची ब्रांच शेवटच्या टॅगवरून काढायची, मेनवरून नाही. मेनवरून काढली, की न तपासलेले पंधरा बदल गुपचूप सोबत जातात आणि लोक ‘फक्त पॅच आहे’ या विश्वासाने ते प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर लावतात.

छोटा दिसणारा बदलही छोटा असतोच असं नाही. १४ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या १७.१ मध्ये एका स्ट्रक्चरचा आकार वाढला. कोरला त्याचं काही नव्हतं, पण आधी कंपाईल करून ठेवलेली टाइमस्केलडीबीसारखी एक्स्टेन्शन्स अडचणीत आली, आणि आठवड्याभरात, २१ नोव्हेंबरला, वेळापत्रकाबाहेर १७.२ काढावी लागली. तुमच्या लायब्ररीवर बाहेरची प्लगइन्स उभी असतील, तर जुन्या टॅगसमोर एबीआयची (कंपाईल झालेल्या कोडच्या आपसातल्या जुळणीची) तुलना करणारं हत्यार सीआयमध्ये बसवा. डोळ्यांनी हे पकडता येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलकडून एक सवय मात्र जरूर उचला: ते टारबॉल सोमवारी बांधतात आणि जाहीर गुरुवारी करतात. मधले दिवस पॅकेज करणाऱ्यांना मिळतात.

जुन्या ब्रांचचं हॉटफिक्स ‘लेटेस्ट’ होऊन बसतं

३.० बाहेर आहे, तुम्ही २.४.२ काढता आणि एनपीएमवर नुसतं पब्लिश करता. ‘लेटेस्ट’ ही खूण जो शेवटी आला त्याच्याकडे जाते, आकड्याने मोठा कोण ते बघत नाही. दुसऱ्या मिनिटापासून नवीन माणसांना २.४.२ मिळू लागतं. एनपीएम ११ पासून हे अडवलं जातं, पण तुमच्या सीआयमध्ये कुठला एनपीएम आहे हे आधी तपासा. पब्लिश करताना एनपीएमचा वेगळा टॅग द्या (हा गिटचा टॅग नव्हे), आणि चूक झालीच असेल तर ‘डिस्ट-टॅग अॅड’ने ‘लेटेस्ट’ परत ३.० वर न्या. गिटहबच्या रिलीज पानावरही ‘लेटेस्ट’ची खूण असते. जुन्या शाखेचं रिलीज टाकताना ती काढायला विसरू नका. डॉकर इमेजच्या ‘लेटेस्ट’चंही तसंच.

बाकीच्या, थोडक्यात

सीआयमध्ये बिल्डला ०.१.डेव्ह असला भलताच आकडा येतोय? चेकआऊट एकाच कमिटचं झालंय, टॅग आलेच नाहीत. ‘फेच-डेप्थ’ शून्य करा.

चेंजलॉगमध्ये ‘विविध सुधारणा’ लिहू नका. कुठल्या व्हर्जनपासून बिघाड होता, कुणाला लागू आहे आणि तात्पुरता मार्ग काय, एवढं लिहा.

सुरक्षेची दुरुस्ती रिलीजच्या आधी उघड्या मेनवर ढकलू नका. कमिट वाचून हल्ला लिहिणारे लोक आहेत. अशा दुरुस्तीसाठी गिटहब देतो त्या तात्पुरत्या खासगी फोर्कमध्ये (रेपोच्या प्रतीत) सीआय चालत नाही, म्हणून चाचण्या आपल्या यंत्रावर चालवायची तयारी आधीच ठेवा. जाहीर करायची वेळ यूटीसीमध्ये ठरते. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे आहेत, तारीख चुकते ती इथेच.

पहिल्या हॉटफिक्सनंतर लगेच दुसरं लागू शकतं, हे धरून चाला. डिसेंबर २०२१ मध्ये सुरक्षेच्या छिद्रामुळे लॉग४जे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीला २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी चार व्हर्जन्स एकाच महिन्यात काढावी लागली. २.१५.० ने धोकादायक सोय बंद करून आवळली, पण फट राहिली. २.१६.० ने मेसेज लुकअप (लॉगच्या मजकुरातल्या सूचना पाळण्याची ती सोय) काढूनच टाकलं आणि जेएनडीआय (बाहेरून वस्तू शोधून आणणारी जावाची यंत्रणा) मुळातच बंद ठेवलं. घाईच्या दुरुस्तीत सुविधा दुरुस्त करण्यापेक्षा बंद करणं बऱ्याचदा जास्त सुरक्षित असतं.

टारबॉल कुणाच्या लॅपटॉपवर बनलाय?

एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये घुसवलेलं मागचं दार २९ मार्च २०२४ ला उघडकीला आलं. लपवलेला माल चाचणीच्या फाईलींच्या रूपाने रेपोमध्येही होता, पण तो बिल्डमध्ये ओढून घेणारी एम४ स्क्रिप्ट (बिल्डची तयारी करणारी फाईल) फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. रेपो वाचणाऱ्याला ती दिसणारच नव्हती. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असो, लॅपटॉपवरच्या कामाच्या फोल्डरमधून टारबॉल बांधू नका. तिथे कमिट न झालेल्या फाईली असतात, कधीकधी चक्क चाव्या आणि पासवर्ड असलेली एन्व्ह फाईलही असते.

गिटहब आपोआप देतो त्या सोर्स टारबॉलच्या हॅशवरही विसंबू नका. ३० जानेवारी २०२३ ला तिथली कॉम्प्रेशनची पद्धत बदलली, आतला कोड तोच असूनही हॅश बदलले, ठिकठिकाणचे बिल्ड पडले आणि बदल त्याच दिवशी मागे घ्यावा लागला. टॅगवरून नवा क्लोन घ्या, टारबॉल सीआयमध्ये बांधा, सही करून रिलीजला स्वतः जोडा. मग रिकाम्या कंटेनरमध्ये, रेपोचा मागमूसही नसताना, रजिस्ट्रीवरून नुसतं नाव देऊन इन्स्टॉल करा आणि ‘--व्हर्जन’ चालवून बघा. जो आकडा जाहीर करणार आहात तोच छापून आला, की मग घोषणा लिहायला बसा.