मुदत संपलेला रोल आणि प्लॅस्टिकचा वाइड कॅमेरा: या चुका टाळा

एक्सपायर्ड रोल धुऊन आला की त्यातले मातकट राखाडी फोटो पाहून बरेच जण म्हणतात, "जुन्या फिल्मचा लूकच असा असतो." मला हे मान्य नाही. तो मातकटपणा बहुतेक वेळा कमी पडलेल्या उजेडाचा असतो. पुरेसा उजेड मिळाला तर वीस वर्षं जुना रंगीत रोलसुद्धा देखणे फोटो देतो. दाणे थोडे जाड दिसतात, रंग एखाद्या बाजूला झुकतात, पण चेहरे आणि सावल्या शाबूत राहतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. मुदत उलटल्यावर दर दहा वर्षांमागे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्यावा, असा रंगीत निगेटिव्हसाठीचा ढोबळ नियम आहे. तो वाचून लोक निर्धास्त होतात, पण हातातल्या कॅमेऱ्यात बदलण्यासारखं काही असतच नाही. व्हिव्हिटार अल्ट्रा वाइड अँड स्लिम घ्या, नाहीतर त्याच धर्तीवर आलेला रेटोचा नवा कॅमेरा घ्या. दोन्हींत २२ मिमीची लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) कायमचं एफ/११ आणि शटर कायमचं १/१२५ सेकंद. उजेड मोजणारा मीटर नाही, फ्लॅश नाही. फिल्मची गती कॅमेऱ्याला सांगणारा डबीवरचा डीएक्स कोडही हा कॅमेरा वाचत नाही, त्यामुळे त्या कोडवर पट्टी चिकटवून काही साधत नाही.

म्हणून हिशोब आधी करायचा. लख्ख उन्हात १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची गती, जास्त आकड्याला कमी उजेड पुरतो) ताज्या फिल्मला १/१२५ ला एफ/१६ पुरतं, म्हणजे हा कॅमेरा तिला एक स्टॉप जास्तच देतो. आता वीस वर्षांपूर्वी मुदत संपलेला ४०० चा रोल घ्या. तो दोन स्टॉप मंदावून साधारण १०० सारखा वागेल, तेव्हा उन्हात एक स्टॉप शिल्लक राहतो. तितकाच जुना २०० चा रोल उन्हात जेमतेम निभावतो. १०० चा रोल मात्र भर उन्हातही एक स्टॉप कमी पडेल. आभाळ भरून आलं की उजेड उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉपनी उतरतो. मग तो ४०० चा रोलही दोन स्टॉप उपाशी राहतो. थोडक्यात, पावसाळी माथेरान, संध्याकाळची गल्ली, घरातला वाढदिवस हे जुना रोल आणि हा कॅमेरा या जोडीला झेपत नाहीत. ऊन तुमच्या पाठीशी असेल आणि समोरच्या वस्तूवर थेट पडत असेल तेव्हाच शटर दाबा.

दहा वर्षांचा तो नियम सर्वसाधारण थंड, कोरड्या जागी राहिलेल्या फिल्मचा आहे. मुंबईत किंवा कोकणात बंद पडलेल्या स्टुडिओच्या लोखंडी कपाटात कित्येक पावसाळे काढलेल्या रोलला तो लावू नका. उष्णता आणि दमटपणा वर्षांपेक्षा जास्त नुकसान करतात. विकत घेताना तारखेआधी विचारा की रोल ठेवला कुठे होता. फ्रिजमधला असेल तर उत्तम, पण बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नका. बंद डबीतच तासभर राहू द्या, नाहीतर आत दव धरतं. वेगवान फिल्म जास्त लवकर खराब होते, ८०० आणि त्यावरचे जुने रोल मी सरळ टाळते. मंद गतीची कृष्णधवल फिल्म सगळ्यांत चिवट असते.

फिल्म कोणत्या रसायनांत धुवायची ते सांगणारी डबीवरची प्रक्रिया वाचणंही राहून जातं. सी-४१ लिहिलं असेल तर नेहमीची रंगीत लॅब चालेल. कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या स्लाइड फिल्मच्या के-१४ प्रक्रियेसाठी रोल घेणं जगातल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या डिसेंबरअखेर बंद केलं. आता त्या फिल्ममधून रंग मिळत नाहीत, फार तर कृष्णधवल प्रतिमा निघते. ईसीएन-२ ही सिनेमाच्या फिल्मची प्रक्रिया. तशा जुन्या फिल्मच्या पाठीवर काजळीसारखा थर असतो आणि तो लॅबची रसायनं खराब करतो, म्हणून न सांगता ती देऊच नका. स्लाइड फिल्मला उजेडाची चूक फारशी खपत नाही. या कॅमेऱ्यात ती वाया घालवू नये.

जुनी फिल्म कडक आणि वळलेली असते, प्लॅस्टिकच्या रिळात नीट अडकत नाही. झाकण बंद केल्यावर फिल्म पुढे सरकवा आणि रिवाइंडची दांडी फिरते का ते पाहा. फिरत नसेल तर रोल पुढे जातच नाहीये. शेवटी चाक जड झालं की जोर करू नका, दात तुटतात किंवा फिल्म डबीतून निसटते. खालचं बटण दाबून सावकाश गुंडाळा.

२२ मिमीला कोपऱ्यातलं सगळं दिसतं, पुढे आलेली बोटंसुद्धा. कॅमेरा चपटा असल्याने तो कडांना धरायची सवय लावा. साधारण मीटरभराच्या आतलं धूसर येतं.

निगेटिव्ह हातात आल्यावर आधी कडा पाहा. फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव दिसतंय पण चित्रच नाही, तर रोल सरकला नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेही पुसट असतील तर फिल्म फार थकलेली आहे किंवा धुण्यात गडबड झाली आहे. लाल-नारिंगी पट्टे बहुधा मागच्या झाकणातून शिरलेल्या उजेडाचे असतात. पुढच्या वेळी रोल भरल्यावर सांध्यांवर काळी इलेक्ट्रिकल टेप लावा. लॅबला पुश करायला (जास्त वेळ धुवायला) सांगण्याचा मोह होतो, पण त्याने चित्राबरोबर जुन्या फिल्मवरचं धुकंही वाढतं. त्यापेक्षा कमी कॉन्ट्रास्टचा स्कॅन मागा आणि काळा बिंदू (चित्रातला सगळ्यात गडद भाग) संगणकावर स्वतः बसवा. निम्मी मरगळ तिथेच जाते.

एकाच बॅचचे पाच-सहा रोल मिळाले तर पहिला चाचणीसाठी ठेवा. एकच भिंत किंवा एकच झाड भर उन्हात, विरळ ढगांत आणि सावलीत टिपा, फ्रेमचे आकडे वहीत लिहा. उन्हातल्या फ्रेमही निगेटिव्हवर पातळ, फिकट आल्या, तर उरलेले रोल अॅपर्चर बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवा आणि या कॅमेऱ्यात ताजी ४०० ची फिल्म भरा.