काटा टोचल्यापासून मोजलेले तास : जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभ्यास करताना

नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत असताना प्रतिकारशक्तीचा विषय पहिल्यांदा अभ्यासक्रमात आला, तेव्हा मी प्रतिपिंड (एकेका जंतूला नेमके चिकटणारी प्रथिने) आणि बी-पेशी, टी-पेशी (एकेका जंतूला नेमके ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) यांतच रमून गेले होते. जन्मजात प्रतिकारशक्तीचे, म्हणजे जन्मापासून असलेल्या आणि कोणत्याही जंतूवर लगेच धावून जाणाऱ्या संरक्षणाचे, प्रकरण केवळ प्रस्तावना आहे असे समजून मी ते एका संध्याकाळी उरकले. आज पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत रोज रक्ताच्या काचपट्ट्या पाहताना जाणवते, की माझ्या कामाचा मोठा भाग त्याच प्रकरणात होता. नव्याने या वाटेला येणाऱ्यांनी अभ्यासाची सुरुवात तिथूनच करावी, असे मला मनापासून वाटते.

हे प्रकरण मला खऱ्या अर्थाने कळले ते पुस्तकाबाहेर. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मांडवाच्या तारेचे टोक वडिलांच्या तळहातात घुसले. पहिल्या काही मिनिटांतच जखमेभोवती लाली आली, संध्याकाळपर्यंत हात सुजला, रात्री ठणका लागला आणि तिसऱ्या दिवशी जखम पिकली. धनुर्वाताची लस त्यांनी त्याच दिवशी घेतली होती. मी मात्र वहीत तास लिहून काढले आणि प्रत्येक तासासमोर आत कोणती पेशी काम करत असेल, ते पुस्तकातून शोधून नोंदवले. पेशींच्या नावांची यादी पाठ करण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी उपयोगाची ठरली.

त्वचा शाबूत असते तोवर तिचा किंचित आम्लधर्म, अश्रू आणि लाळेतील लायसोझाइम (जिवाणूंची भिंत फोडणारे विकर), जठरातील आम्ल हेच बहुतेक जंतूंना अडवतात. त्वचा फाटली की ऊतींमध्ये आधीपासून असलेल्या महाभक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशी आणि मास्ट पेशी जाग्या होतात. मास्ट पेशींतून हिस्टामाइन बाहेर पडते, रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपतो. लाली, उष्णता आणि सूज यांचा उगम इथे आहे. त्याच वेळी वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर चिकट रेणू येतात, रक्तातून वाहणारे न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्यांवर घरंगळत मंदावतात, घट्ट चिकटतात आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. काही तासांत जखमेत त्यांचीच गर्दी होते. मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्यांच्या मागून येतात आणि ऊतीत शिरून महाभक्षक बनतात. या जंतूविरुद्धची नेमकी प्रतिपिंडे तयार व्हायला, शरीराची त्याच्याशी पहिलीच गाठ असेल तर, कित्येक दिवस लागतात. तोपर्यंतचा सगळा भार या पेशींवर असतो.

ही यंत्रणा जंतू ओळखते कशी, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि परीक्षेच्या तयारीत नेमका तोच मागे पडतो. जंतूंच्या अंगावर असे काही रेणू असतात जे आपल्या पेशींत नसतात आणि जे टाकून देणे जंतूला परवडत नाही. त्यांना ओळखणारे ग्राही, म्हणजे आपल्या पेशींवरचे खूण पकडणारे रेणू, आपण जन्मतःच घेऊन येतो. चार्ल्स जेनवे यांनी ही कल्पना 1989 मध्ये मांडली. पुढे ज्यूल्स हॉफमन यांनी फळमाशीत टोल या जनुकाचे संरक्षणातील काम 1996 मध्ये दाखवले आणि ब्रूस ब्यूटलर यांनी 1998 मध्ये उंदरात टीएलआर-4 हा टोलसारखाच ग्राही काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड हा रेणू ओळखतो हे सिद्ध केले. त्या दोघांना 2011 च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मुळात भक्षक पेशींची कल्पना त्याहून जुनी, 1882 ची आहे. इल्या मेच्निकोव्ह यांनी मेसिनामध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती जमलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. वडिलांच्या तळहाताची नोंद करताना मला हाच प्रयोग आठवत होता.

प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून गेल्यावर मात्र माझी पहिली काचपट्टी बिघडली. रक्तपेशी रंगवणाऱ्या लीशमन रंगद्रव्यावर बफरऐवजी (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाऐवजी) नळाचे पाणी घालण्याची तिथे सवय होती, आणि अल्कधर्मी पाण्यामुळे सगळ्याच पेशी निळ्याकुट्ट दिसू लागल्या. 6.8 सामूचा (पीएच) बफर वापरल्यावर तेच रक्त वेगळे दिसले : फिकट गुलाबी पेशीद्रव, त्यात बारीक कण आणि पातळ धाग्यांनी जोडलेले केंद्रकाचे तीन-चार खंड. असा न्यूट्रोफिल एकदा नीट पाहिला की तो विसरत नाही. रक्ताचा थर जिथे पातळ होतो आणि पेशी एकमेकींवर चढलेल्या नसतात, तिथेच शंभर पेशी मोजाव्यात. घोड्याच्या नालेसारखे, खंड न पडलेले केंद्रक वारंवार दिसू लागले, तर अस्थिमज्जा घाईने कोवळ्या पेशी बाहेर पाठवत आहे आणि बहुधा कुठेतरी जिवाणूसंसर्ग आहे, असे समजावे.

प्रवेशाबाबत थोडक्यात सांगते. नाशिकच्या महाविद्यालयांतील बी.एस्सी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली असते, तर वैद्यकीय आणि परिचर्येचे अभ्यासक्रम 1998 मध्ये स्थापन झालेल्या, नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे येतात. अर्ज भरण्याआधी हा फरक तपासून घ्यावा.

एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत येते, पण तिच्यावर थांबावे. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलांचा साठा. त्यामुळे केमोथेरपीनंतर ज्यांच्या रक्तात प्रति घनमिलीमीटर 500 हूनही कमी न्यूट्रोफिल उरतात, त्यांना गंभीर संसर्ग होऊनही पू होत नाही, सूज फारशी दिसत नाही, आणि ताप हे एकमेव लक्षण असू शकते. असा आकडा समोर आला की काचपट्टी पुन्हा पाहून खात्री करावी आणि अहवाल टाइप होण्याची वाट न पाहता थेट डॉक्टरांना फोन करावा.