रोझमेरीची लागवड आणि काढणी
रोझमेरी हे मूळचे भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ जमिनीतले झुडूप आहे. तिचे सुईसारखे पान उलटून पाहिले, तर कडा खाली मुडपलेल्या आणि त्यांच्यामध्ये पांढरट लव दिसते; पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज आहे. अशा झाडाला पुदिन्याच्या बरोबरीने रोज पाणी घातले, तर त्याची मुळे कुजतात, आणि घरच्या बागेतली बहुतेक रोझमेरी याच कारणाने जाते.

बी उशिरा आणि विरळ उगवते, म्हणून फाटे कलमच करावे. फुलावर नसलेल्या निरोगी झाडाच्या कोवळ्या शेंड्याचा ८ ते १० सेंटीमीटरचा तुकडा घ्यावा, त्याच्या खालच्या अर्ध्या भागातली पाने काढावीत आणि वाळू व कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात तो खोचावा. कडक उन्हापासून दूर, पण उजेडात ठेवल्यास साधारण महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. हलकेच ओढल्यावर तुकडा जागचा हलला नाही, म्हणजे तो कुंडीत लावण्याजोगा झाला.

कुंडी शक्यतो भाजलेल्या मातीची असावी, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. दोन भाग मातीत एक भाग जाड वाळू मिसळावी. खत अगदी बेताचेच द्यावे, कारण जास्त खताने फांद्या लुसलुशीत वाढतात आणि वास मात्र उतरतो. रोज किमान सहा तास ऊन हवे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे आणि तिथवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे, पण देताना कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत द्यावे. शेंडे तपकिरी होऊ लागले की आपला हात आपसूक झारीकडे जातो. तसे करण्याआधी माती जरूर तपासावी, कारण मुळे कुजल्यावरही शेंडे असेच दिसतात.

काढणीत सर्वांत महत्त्वाचे आहे ते कुठे कापायचे हे ठरवणे. फांदी शेंड्याकडून बुंध्याकडे पाहत यावे: वरचा भाग हिरवा आणि लवचीक असतो, खाली साल तपकिरी होऊन लाकूड धरलेले असते. कात्री हिरव्या भागातच, पानांच्या जोडीच्या किंचित वर चालवावी. पाने नसलेल्या जुन्या लाकडावर कापल्यास तिथून सहसा नवी फूट येत नाही आणि ती बाजू कायमची उघडी पडते. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा ओलांडू नये. वाळवणीसाठी फुले उमलण्याच्या थोडे आधी, सकाळी दव सुकल्यावर पण ऊन तापण्यापूर्वी कापावे; त्या वेळी पानात सुगंधी तेल भरपूर असते.

कापलेल्या फांद्यांच्या लहान जुड्या बांधून सावलीत, वारा खेळेल अशा जागी उलट्या टांगाव्यात. एक-दोन आठवड्यांत पान बोटांत कुडकुडीत मोडू लागले की ते देठावरून ओरबाडून घट्ट झाकणाच्या बरणीत अखंडच भरावे आणि वापरतानाच चुरडावे.