चाराच्या झाडांच्या पाहणीला निघण्याआधी

चारं, म्हणजे चारोळीच्या झाडाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात, म्हणजे नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते तेव्हाच. म्हणून नागपूर जिल्ह्यातल्या देवलापार-पारशिवनीकडे चारोळीच्या चांगल्या झाडांची निवड करायला जायचं असेल तर मार्चमध्येच तयारीला लागा. आधी कागदपत्रं. राखीव जंगलातून पान तोडायलाही वनविभागाची लेखी परवानगी हवी. अर्ज रेंगाळला की हंगाम हातचा गेलाच. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गौण वनोपजावर (फळं, पानं, मध असल्या जंगलातल्या उत्पन्नावर) हक्क गावाचा, त्यामुळे ग्रामसभेशी बोलल्याशिवाय पाऊल टाकू नका.

झाडं कुठली घ्यायची, यावर मात्र डोकं खर्च करा. चारं वेचणाऱ्या बायांना विचारलं की टपोऱ्या फळाचं झाड कुठलं, हे त्या बसल्या जागी सांगतात. ती झाडं घ्याच, पण फरक मोजायचा तर किरकोळ फळाची आणि कमी धरणारीही यादीत हवीत. दोन झाडांत निदान शंभर मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाच आईची लेकरं मोजून याल. आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झाडाला भुलू नका! वावराचं खत-पाणी आयतं मिळालं की फळ भरतंच. त्यात झाडाचा गुण किती आणि जागेचा किती, हे नुसत्या वजनातून कळत नाही. वहीत माती, उतार, धुरा की जंगल, फांद्या छाटलेल्या की नाही, एवढे रकाने आखूनच न्या. जंगलात बसून आखू म्हटलं की ते राहतंच.

पिशवीत टेप (खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर), फळाची जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर, गराची गोडी पाहायला रिफ्रॅक्टोमीटर, कापडी पिशव्या आणि झाडांना लावायला नंबरचे ॲल्युमिनियमचे बिल्ले. काटा सोनाराकडे असतो तसला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. सोबत पुठ्ठ्याचं खोकंही घ्या, वाऱ्याची झुळूक आली की आकडा थांबत नाही. फळं चारी बाजूंच्या फांद्यांवरून पिकलेलीच घ्या. चारोळीचा दाणा इतका हलका की एकेक तोलण्यात अर्थ नाही. शंभर बिया धुऊन, वाळवून एकत्र तोला, मग फोडून आतली चारोळी वेगळी तोला. झाडाची खरी किंमत या दोन वजनांच्या प्रमाणात आहे. वरून मोठं दिसणारं फळ कैकदा जाड कवचाचंच निघतं.

डीएनए तपासणीसाठी कोवळी, निरोगी पानं घ्या. पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) असलेल्या बंद पिशवीत ती ठेवा आणि झाडाचा नंबर पेन्सिलीने लिहा, शाई घामाने पुसते.

वनरक्षकाला किंवा गावातल्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय आत शिरू नका, अस्वलालाही चारं आवडतात. पहाटे तर नकोच.

एका हंगामावर निकाल लावायचा नाही, पुढच्या वर्षीही तीच झाडं मोजायची. बियांपासून आईसारखंच झाड येईल याचा भरवसा नाही, म्हणून निवडलेल्या झाडांच्या काड्यांची कलमं एकाच जागी, एकाच मातीत लावून पाहावी लागतात. या काड्या पावसाळ्यात लागतील. चारं काढायला फांद्याच तोडायची सवय अनेक गावांत आहे. तेव्हा बिल्ला लावलेल्या झाडांवर कोयता चालणार नाही, एवढं पहिल्या भेटीतच बोलून घ्या.