मृत्युपत्रात बदल करायचाय? आधी पेन खाली ठेवा

मृत्युपत्र एकदा झालेलं आहे आणि मूळ प्रत कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, असं धरून चालतो. मी स्वतःचं तीनदा बदललं आणि नात्यातल्या पाच-सहा जणांच्या वेळी शेजारी बसलो. खालची माहिती भारतीय वारसा अधिनियम, १९२५ नुसार आहे. मुस्लीम वैयक्तिक कायद्याचे नियम वेगळे आहेत, ते इथे नाहीत.

कधी बदलायचं? ‘दर पाच वर्षांनी बदला’ हा सल्ला सोडून द्या. वर्षं मोजू नका, घरात काय घडलं ते बघा. घर विकलं, नवं घेतलं, लग्न किंवा घटस्फोट झाला, ज्याला द्यायचं तोच आधी गेला, एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेला माणूस) थकला, की कागद काढून वाचायचा. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र लग्नानंतर आपोआप रद्द होतं. हिंदूचं होत नाही. घटस्फोटाने मात्र कुणाचंच नाव आपोआप निघत नाही. नको असेल तर तुम्हालाच काढावं लागतं.

विकलेल्या घराचं लोकांच्या लक्षातच येत नाही. ‘अमुक फ्लॅट मुलीला’ असं लिहिलंत आणि पुढे तो फ्लॅट विकलात, तर ते देणं तिथेच संपतं. विक्रीचे पैसे बँकेत असले तरी त्या कलमाने ते मुलीकडे जात नाहीत. मुदतठेवीच्या पावत्यांचे नंबर टाकण्याची हौसही याच कारणाने नको. पावती मोडली किंवा नूतनीकरणात नंबर बदलला की वादाला तोंड फुटतं. ‘माझ्या सर्व बँक ठेवी’ एवढं पुरतं.

बदल कसा करायचा? सगळे अडकतात ते इथे. मीही अडकलो होतो.

माझ्या काकांनी एका पुतण्याचं नाव पेनने खोडलं, वर दुसऱ्याचं लिहिलं आणि बाजूला झोकात सही केली. मी शेजारीच होतो, मला ते अगदी व्यवस्थित वाटलं. पुढे वकिलांनी कायद्याचं कलम ७१ समोर ठेवलं: सही झाल्यानंतरची खाडाखोड मृत्युपत्रासारखीच, म्हणजे करणाऱ्याच्या आणि साक्षीदारांच्या सहीने झालेली नसेल, तर तिला किंमत नाही. एका रेघेखालचं जुनं नाव स्वच्छ वाचता येत होतं, त्यामुळे तेच कायम. काका हयात होते म्हणून निभावलं.

मग पुरवणी, म्हणजे कोडिसिल? कायद्याला चालते, पण तिलाही मृत्युपत्राइतक्याच सह्या आणि साक्षीदार लागतात. एक्झिक्युटर बदलण्यासारखा एखादा बदल असेल तर ठीक. दुसरी पुरवणी करायची वेळ आली की सरळ नवं मृत्युपत्र करा. दोन पुरवण्या आणि एक मूळ कागद एकमेकांशी जुळतात का, हे तुमच्यामागे मुलांनी ठरवायचं म्हणजे भांडणाचं आमंत्रणच.

नव्या मृत्युपत्राचं पहिलं वाक्य हे: ‘यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रं आणि पुरवण्या मी रद्द करत आहे.’ जुनं नोंदणीकृत असेल तर त्याची तारीख आणि दस्त क्रमांकही घाला. घरातली प्रत फाडून विषय मिटला असं समजू नका. निबंधक कार्यालयात नक्कल असते आणि ती कुणीतरी नेमकी काढतं. शेवटी एक कलम हवंच: वर न लिहिलेली आणि पुढे मिळणारी सगळी मिळकत कुणाला. ते असेल तर निम्मे छोटे बदल करावेच लागत नाहीत.

जुनं कधी फाडायचं? नव्यावर सगळ्या सह्या झाल्यावर, त्याआधी मुळीच नाही. मी उत्साहाने आधी फाडलं आणि दुसरा साक्षीदार तापाने आलाच नाही. ते चार दिवस माझ्याकडे एकही मृत्युपत्र नव्हतं.

सह्या. दोन साक्षीदार, शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान, कारण पुढे त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागू शकतं. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नको. तिघांनी एका खोलीत, एकमेकांसमोर सह्या करा. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

नोंदणी. सक्तीची नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही, पण करा. जुनं नोंदवलेलं आणि नवं साधं असलं तरी नीट सह्या-साक्षीचं नवंच चालतं. फक्त नाराज वारसाला संशय घ्यायला जागा मिळते, ती का ठेवायची?

नामनिर्देशन. मृत्युपत्र बदललंत म्हणून बँकेतलं नॉमिनीचं नाव बदलत नाही. त्यासाठी वेगळा फॉर्म, त्याच आठवड्यात. ठेवींचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, तेवढ्याने मालक होत नाही; पण मृत्युपत्रात एक नाव आणि बँकेत दुसरं असलं की दोघांचे हेलपाटे ठरलेले.

झेरॉक्स. जुन्याच्या प्रती कौतुकाने ज्यांना वाटल्या होत्या त्यांच्याकडून परत मागा. कुणी देत नसेल तर नव्या मृत्युपत्राची तारीख त्याला लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत एक्झिक्युटरकडे ठेवा.